खेळाडूचं शरीर शिकवणारा प्राध्यापक

केव्हिन गस्कविट्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. मार्च २०२४ मध्ये ते अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्याआधी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, ते चान्सलर होते. त्यांची पदवी ॲथलेटिक ट्रेनिंगची. पिट्सबर्गला पदव्युत्तर शिक्षण घेताना ते स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघातल्या खेळाडूंच्या दुखापती सांभाळत होते. त्या काळी डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला ‘किती बोटं दिसतात?’ एवढं विचारून पुन्हा मैदानात सोडलं जाई. गस्कविट्स यांनी पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात पीएच.डी. केली, १९९५ मध्ये चॅपल हिलला शिकवायला सुरुवात केली आणि मेंदूला बसणाऱ्या या धक्क्याचाच अभ्यास आयुष्यभर केला. २०११ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

‘मला स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये जायचंय’ असं मुलं म्हणतात आणि आईवडील काळजीत पडतात, तेव्हा मी हे उदाहरण आवर्जून सांगतो. प्रत्येक जण विद्यापीठाचा अध्यक्ष होणार नाही. पण खेळाडूच्या घोट्याला टेप लावण्यापासून सुरू झालेला रस्ता विद्यापीठाच्या वर्गात, प्रयोगशाळेत आणि त्याही पुढे जाऊ शकतो, हे पालकांना ठाऊक नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: आयपीएलच्या सामन्यात फलंदाज आडवा पडला की पाठीवर बॅग टाकून धावत जाणारा माणूस. मुलांच्याही डोळ्यांसमोर बहुतेकदा तेच असतं. तिथेच गफलत होते, कारण त्या बॅगवाल्या जागा अगदी मोजक्या असतात. शिवाय संघ हरला, व्यवस्थापन बदललं की त्या हातातून जातात. या क्षेत्रात तीस-पस्तीस वर्षं ताठ मानेनं काम करायचं असेल, तर संघाच्या डगआउटपेक्षा विद्यापीठाकडे बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेत वजनं उचलायला शिकवणारा प्रशिक्षक नव्हे. तो परवानाधारक आरोग्य व्यावसायिक असतो. दुखापत टाळणं, झालेली दुखापत जागेवर ओळखणं, जीव धोक्यात असेल तर पहिली मदत करणं आणि नंतर खेळाडूला टप्प्याटप्प्याने पुन्हा मैदानावर आणणं ही त्याची कामं. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या व्यवसायाला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आज कॅलिफोर्निया वगळता बाकी सगळ्या राज्यांत त्याचं कायद्याने नियमन होतं. शाळा, महाविद्यालयं, व्यावसायिक संघ, रुग्णालयं, लष्कर, नाट्य आणि नृत्यसंस्था अशा अनेक ठिकाणी हे लोक काम करतात. आपल्याकडे असा स्वतंत्र व्यवसाय नाही. त्याच्या सर्वांत जवळचं काम आपले क्रीडा फिजिओथेरपिस्ट करतात.

या विषयाचा विद्यापीठातला शिक्षक दिवसभर काय करतो? बहुतेक मार्गदर्शनपर लेख अभ्यासक्रमांची नावं सांगून थांबतात, पण मुलाला आपण कशासाठी तयार होतोय हे कळायचं असेल तर हेच आधी पाहायला हवं.

सकाळच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी एकमेकांच्या शरीरावर शिकतात. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी धरून ठेवायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची आणि ती किती सरकते, शेवटी घट्ट थांबते की मऊ वाटते, हे बोटांना कळलं पाहिजे. गुडघ्याच्या आतला पुढचा तिरपा स्नायुबंध, म्हणजे आपण पेपरात वाचतो तो एसीएल, तुटला आहे की नाही याचा अंदाज या लॅकमन चाचणीतून येतो. पुस्तकातलं चित्र पाहून ती येत नाही. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवून ती शिकवावी लागते. मराठी वाचकांना या स्नायुबंधाची ओळख अलीकडे पुन्हा झाली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेसपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडला, त्यात त्याचा हाच स्नायुबंध जखमी झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया सर्जन करतो. त्यानंतरचे कित्येक महिने मात्र स्नायू पुन्हा उभे करणं, उडी मारल्यावर पाय कसा टेकतो ते तपासणं आणि खेळाडूच्या मनातली भीती कमी करणं हे काम या क्षेत्रातल्या माणसांचं असतं.

मग घोटा. आपल्याकडे पाय मुरगळला की एक तर हळद-तुरटीचा लेप लावून घरी बसायचं किंवा थेट एक्स-रे काढायला पळायचं. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी काही साधे नियम मांडले, ते ‘ओटावा नियम’ म्हणून ओळखले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं बाहेर येतात, त्यांच्या मागच्या कडेवर खालून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबलं तर हाडावर दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि तपासताना चार पावलं टाकता येतात का? यांची उत्तरं समाधानकारक असतील तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी असते आणि एक्स-रे टाळता येतो. पायाच्या पंज्यासाठीही असेच नियम आहेत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हे शिकवायचं, वर ‘चार पावलं’ म्हणजे लंगडत टाकलेली पावलंही धरायची हेही शिकवायचं. शिक्षकाचं कौशल्य अशा बारकाव्यांत दिसतं.

सर्वांत कठीण वर्ग आणीबाणीचे. हेल्मेट आणि खांद्याची संरक्षक साधनं घातलेल्या पुतळ्यावर मानेला धक्का न लावता ती साधनं कशी काढायची, छाती दाबायला कधी सुरुवात करायची, रुग्णवाहिका मैदानाच्या कोणत्या दारातून आत घ्यायची, त्या दाराची किल्ली कुणाकडे असेल, फोन कोण करील, या सगळ्याचा लेखी आराखडा प्रत्येक मैदानासाठी वेगळा असतो आणि विद्यार्थ्यांना तो स्वतः लिहावा लागतो. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचा डमार हॅमलिन छातीवर धक्का बसून मैदानात कोसळला आणि त्याचं हृदय थांबलं. त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली ती संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी. त्याआधी केलिंग्टन सिराक्यूज विद्यापीठात काम करत होते. हॅमलिन वाचला आणि पुढच्याच हंगामात पुन्हा खेळला. अमेरिकेतल्या अनेक पालकांना ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे कोण हे त्या रात्री कळलं.

उन्हाचा विषय मला आणखी जवळचा वाटतो, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. डग्लस कासा हे कनेटिकट विद्यापीठातले प्राध्यापक. १९८५ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, बफेलोला दहा हजार मीटरच्या शर्यतीत उष्माघाताने ते कोसळले आणि वेळेवर उपचार मिळाल्यामुळे वाचले. पुढे त्यांनी याच विषयाला वाहून घेतलं. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर २००१ च्या ऑगस्टमध्ये सरावादरम्यान झालेल्या उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने २०१० मध्ये त्या विद्यापीठात संस्था उभी राहिली आणि तिचं नेतृत्व कासा यांच्याकडे आलं. त्यांची शिकवण अशी की आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या. व्यायाम करताना कोसळलेल्या, भान हरपलेल्या माणसाच्या शरीराच्या आतलं तापमान साधारण साडेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर असेल तर त्याला जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवायचं, पाणी सतत ढवळत राहायचं आणि अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणायचं. तोंडात किंवा काखेत थर्मामीटर लावून हे तापमान कळत नाही, ते गुदमार्गातूनच घ्यावं लागतं. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉलमाउथ या शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आढळले, त्यांच्यावर असेच उपचार झाले आणि त्यातला एकही दगावला नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात शालेय स्पर्धा होतात. पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तरुण कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो. मॅरेथॉन तर आता जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी एक टब, बर्फाच्या लाद्या आणि कधी काय करायचं हे ठाऊक असलेला एक माणूस असता तर काही घरांतली मुलं आज जिवंत असती. असा माणूस तयार करायचा तर आधी त्याला शिकवणारा शिक्षक तयार व्हावा लागतो. म्हणून या व्यवसायातल्या अध्यापनाबद्दल मी इतकं तळमळीने लिहितोय.

डोक्याच्या दुखापतीचंही तसंच. गस्कविट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन किंवा अधिक वेळा मेंदूला धक्का बसल्याचं सांगणाऱ्या खेळाडूंमध्ये बौद्धिक क्षमतेतल्या सौम्य बिघाडाचं प्रमाण असा धक्का न बसलेल्यांच्या पाचपट आढळलं. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने झॅकरी लिस्टेट या शाळकरी खेळाडूच्या नावाने कायदा केला: डोक्याला मार लागल्याचा संशय असेल तर मुलाला खेळातून बाहेर काढायचं आणि परवानाधारक तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचं नाही. काही वर्षांतच सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नियमांत हा विचार २०१९ मध्ये आला. त्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, आणि डोक्याच्या दुखापतीमुळे बदली खेळाडू देण्याची कसोटी क्रिकेटमधली ती पहिली वेळ होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झालेलं काम कायद्यात आणि खेळाच्या नियमांत असं उतरतं. संघाबरोबर फिरणाऱ्या तज्ज्ञाला, तो कितीही निष्णात असला तरी, इतका दूरवर परिणाम करायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेचा रस्ता

अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर होण्यासाठी पूर्वी पदवी पुरत असे. २०१५ मध्ये ठरलं की यापुढे प्रवेशाची पातळी पदव्युत्तर असेल आणि २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवरचे नवे प्रवेश बंद झाले. म्हणजे आधी कुठली तरी संबंधित पदवी, मग मान्यताप्राप्त विद्यापीठात साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर प्रमाणन मंडळाची परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना. मान्यता देणाऱ्या संस्थेचं इंग्रजी आद्याक्षरांतलं नाव सीएएटीई. अमेरिकेत तिची मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलेल्याला परीक्षेलाच बसता येत नाही, म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा ही मान्यता आधी तपासा. परीक्षा झाली की संपलं असंही नाही. दर दोन वर्षांनी पन्नास तासांएवढं पुढचं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो.

भारतातल्या फिजिओथेरपीच्या पदवीनंतर या अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांची महाविद्यालयीन पातळीवरची पायाभूत तयारी दाखवावी लागते. आपल्या गुणपत्रिकेत यातलं काही स्वतंत्र विषय म्हणून दिसत नसेल तर ते आधीच विचारून घ्या. दोन वर्षांतला मोठा भाग प्रत्यक्ष कामाचा असतो आणि त्यात सलग किमान चार आठवडे पूर्ण वेळ मैदानावर किंवा दवाखान्यात काढावे लागतात.

आता शिक्षकपदाकडे. मोठ्या विद्यापीठांत नेमणुकांचे दोन मार्ग दिसतात. एक रुग्णोपचार शिकवणाऱ्यांचा: इन्स्ट्रक्टर किंवा क्लिनिकल असिस्टंट प्रोफेसर. तिथे संशोधनाचा दबाव कमी, वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या मैदानी कामावर देखरेख जास्त. दुसरा संशोधनाचा: पीएच.डी., मग असिस्टंट प्रोफेसर, पाच-सहा वर्षं शोधनिबंध आणि अनुदानं मिळवत राहायचं आणि काम पसंत पडलं तर कायमपद. अभ्यासक्रमाचं संचालकपद हवं असेल तर आताच्या मानकांनुसार डॉक्टरेट लागते. या विभागात उपचार शिकवायचे तर शिक्षकाकडेही सहसा प्रमाणपत्र आणि परवाना लागतो. फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी घेऊन थेट हालचालीच्या विज्ञानात पीएच.डी. करता येते आणि शरीररचना किंवा बायोमेकॅनिक्स शिकवता येतं, पण ॲथलेटिक ट्रेनिंगचे मुख्य वर्ग हाती येत नाहीत. हा फरक अर्ज करण्याआधी समजून घेतला पाहिजे.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. अमेरिकी कामगार खात्याच्या २०२४ च्या आकडेवारीत ॲथलेटिक ट्रेनरचं मधलं वार्षिक वेतन साठ हजार डॉलरच्या आसपास आहे. तिथल्या फिजिकल थेरपिस्टचं ते एक लाखाच्या आसपास आहे, मात्र त्यासाठी तिथे डॉक्टरेट पातळीची व्यावसायिक पदवी लागते. पदव्युत्तर दोन वर्षांसाठी परदेशी विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठातही बहुधा राज्याबाहेरच्यांचं चढं शुल्क भरावं लागतं, आणि इतक्या भरगच्च वेळापत्रकात सोबत काम करायला फारशी सवड राहत नाही. घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज साठ हजारांच्या पगारातून फेडायला किती वर्षं लागतील, हे हिशेबाची वही घेऊन मुलासोबत बसून मांडा. पीएच.डी.चं गणित वेगळं आहे. तिथे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या सहायकपदावर शुल्कमाफी आणि दरमहा मानधन मिळण्याची पद्धत रूढ आहे. म्हणून ज्या मुलाला खरोखर शिक्षक व्हायचंय, त्याने भारतातून पदव्युत्तर पदवी आणि थोडा अनुभव घेऊन पीएच.डी.ला जाणं मला आर्थिकदृष्ट्या जास्त शहाणपणाचं वाटतं. व्हिसाचा विचारही आजच करा. विद्यापीठांतल्या नोकऱ्यांना एच-१बीच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे, हा शिक्षकपदाचा मोठा फायदा. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, तेव्हा नियम कसे बदलू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं.

इथला रस्ता

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांसाठी मी इथूनच सुरुवात सुचवतो. अकरावीला जीवशास्त्र सोडू नका, हा पहिला सल्ला, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. राज्यात फिजिओथेरपीच्या पदवीचा, म्हणजे बीपीटीएचचा, प्रवेश नीटच्या आधारे सीईटी कक्षामार्फत होतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे आणि राज्यातली पुष्कळ महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. हा अभ्यासक्रम आतापर्यंत इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या नव्या आराखड्यात तो पाच वर्षांचा झाला. २०२१ च्या कायद्याने या आयोगाची तरतूद केली, आणि फिजिओथेरपीचं शिक्षण आणि नोंदणी देशभर एका चौकटीत येऊ लागली. नंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तिथे क्रीडा फिजिओथेरपी ही शाखा निवडता येते. ती जिथे नसेल तिथे स्नायू आणि सांध्यांची शाखा घेऊनही क्रीडाक्षेत्रात जाता येतं. पदव्युत्तर पदवीनंतर महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होता येतं, आणि वर चढायचं तर पीएच.डी. करावी.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातला क्रीडाविज्ञान आणि क्रीडावैद्यक विभाग, मणिपाल आणि चेन्नईचं श्री रामचंद्र ही ठिकाणं जरूर पाहावीत. मणिपूरमध्ये २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभं राहिलं आहे.

एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांसाठी क्रीडावैद्यकातली एम.डी. आहे, किंवा अस्थिरोगशास्त्रातून खेळाडूंच्या शस्त्रक्रियांकडे जाता येतं. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस हे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या हॉकी संघात होते आणि पुढे क्रीडावैद्यकाचे डॉक्टर म्हणून त्यांनी मोठं काम केलं. मुंबईतले डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नीरज चोप्राच्या कोपरावर आणि ऋषभ पंतच्या गुडघ्यावर उपचार केले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. पण हा वेगळा आणि जास्त लांबचा रस्ता आहे. ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून फिजिओ’ अशी भाषा घरात मुलापुढे करू नका. तसं म्हटलं की मुलगा पहिल्या वर्षापासून स्वतःला हरलेला समजतो, आणि ज्या विषयात त्याचे हात उत्तम चालले असते त्याकडे तुच्छतेने बघायला शिकतो.

इथे काम आहे का? आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं मुंबईत कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत आणि प्राधिकरण फिजिओथेरपिस्ट आणि क्रीडाविज्ञानातल्या पदांच्या जाहिराती काढतं, बहुतेक कराराच्या. पुण्यात बालेवाडीचं संकुल आहे, आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ पासून सुरू आहे आणि कबड्डीइतका गुडघ्यावर ताण देणारा खेळ शोधून सापडणार नाही. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्र पदकतालिकेत पहिला आला. एवढे खेळाडू असलेल्या राज्यात तालमीतला पोरगा आजही ‘नस चढली’ म्हणून मालिशवाल्याकडे जातो आणि तिथून हाडवैद्याकडे. तिथल्या वस्तादाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा, कुस्तीचे डाव माहीत असलेला, खांदा निखळल्यावर तो लगेच ओढून बसवू नका हे पटवून देणारा शिकलेला माणूस हवा आहे. मराठीतून हे शिकवणारे शिक्षक फार थोडे आहेत. क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात प्रथमोपचाराचा भाग असतो, पण तो प्रत्यक्ष हाताने करून घेणारं कुणी नसतं. इथल्या प्राध्यापकासमोर हे काम पडून आहे.

मुलींच्या आईवडिलांशी दोन शब्द. ‘मुलांच्या टीमबरोबर फिरायचं, हे कसं जमायचं?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. अमेरिकेत या व्यवसायातले निम्म्याहून अधिक लोक स्त्रिया आहेत. आपल्याकडे तर त्यांची गरज आणखी जास्त आहे, कारण खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे. एसीएलची दुखापत सारख्याच खेळात मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त वेळा होते, आणि मासिक पाळी अनियमित झाल्याचं किंवा जेवण कमी पडत असल्याचं पंधरा वर्षांची धावपटू पुरुष प्रशिक्षकाला सांगत नाही. अशा थांबलेल्या पाळीमागे अपुरा आहार आणि ठिसूळ होत जाणारी हाडं असू शकतात, हे ओळखणारी बाई मैदानात असेल तर त्या मुलीची कारकीर्द वाचते. शिवाय विद्यापीठातल्या नोकरीत बरंचसं वेळापत्रक आधी कळतं, संघाबरोबर महिनोन्महिने बाहेर राहावं लागत नाही. या कारणासाठी अनेक जण काही वर्षं मैदानावर काम करून अध्यापनाकडे वळतात.

हे क्षेत्र कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. ज्याला खेळाडूंसोबत फोटो हवे आहेत त्याच्यासाठी नाही. ज्याला घाम, रक्त, पायाची बुरशी, उलटी यांची किळस येते त्याच्यासाठी नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्यासाठी तर मुळीच नाही. अंतिम सामना आहे, प्रशिक्षक डोळे वटारतोय, खेळाडू स्वतः रडून ‘मला जाऊ द्या’ म्हणतोय, आणि तुम्हाला ठाऊक आहे की त्याच्या डोक्याला मार लागला आहे. तिथे खाली मान घालणारा माणूस चालत नाही. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा फुटबॉलपटू २०१८ मध्ये सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि पंधरवड्याने गेला. त्याचं तापमान घेतलं गेलं नाही, त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं गेलं नाही, हे विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीत पुढे आलं. आज हे प्रकरण वर्गांत शिकवलं जातं. विद्यार्थ्याच्या हातात ज्ञान देणं सोपं आहे, त्या क्षणी ते वापरण्याचं धाडस देणं शिक्षकाला सर्वांत जड जातं. तुमच्या मुलात त्याचा अंश आहे का, हे तुम्ही मला विचारू नका. शाळेच्या स्पर्धेत एखादा मुलगा पडला तेव्हा तो काय करत होता, हे तुम्हीच आठवून पाहा.

अजून दहावी-अकरावीत असाल तर कुठल्याही महागड्या क्लासआधी तीन गोष्टी करा. जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात परवानगी काढून एक सकाळ बसा. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण घ्या, ते काही तासांत शिकता येतं. आणि आपल्या शाळेच्या किंवा तालमीच्या मैदानासाठी आणीबाणीचा आराखडा स्वतः कागदावर लिहा: रुग्णवाहिका कुठून येईल, १०८ ला फोन कोण लावील, बर्फ कुठून मिळेल. ज्यांना हा आराखडा लिहायला कंटाळा येईल, त्यांना उत्तर मिळालंच. ज्यांना तो लिहिताना वेळेचं भान राहणार नाही, त्यांनी मला जरूर भेटावं.

परदेशी अभ्यासक्रम निवडायचा असेल तेव्हा एजंटाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. मान्यताप्राप्त प्रत्येक अमेरिकी अभ्यासक्रमाला आपले किती विद्यार्थी पूर्ण शिकले, पहिल्या प्रयत्नात किती जण प्रमाणन परीक्षा पास झाले आणि किती जणांना नोकरी लागली, हे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. ते पान उघडा, मागच्या तीन वर्षांचे आकडे एका खाली एक लिहा, आणि त्या विभागातल्या एका प्राध्यापकाला पत्र पाठवून विचारा की तुमच्याकडून शिकून गेलेले परदेशी विद्यार्थी आज कुठे काम करतात.